हळदीच्या वाटीतली क्रीम

सुमिंत्राच्या दोन्ही गालांवर निळसर काळे डाग होते. फिजीतल्या लंबासाच्या बाजारात तिच्याकडे भेंडी घ्यायला येणाऱ्या बायका तोंडाकडे बघायचं टाळत. कुणी विचारलंच तर ती म्हणे, "ऊस तोडून तोडून उन्हाने भाजलं." सगळ्यांनी ते मानलं होतं.

शुक्रवारी भावाच्या मुलीचं, अश्निताचं तेलवान, म्हणजे लग्नाआधी तेल-हळद लावायचा विधी होता. हळद वाटायचा मान फुआचा, म्हणजे आत्याचा. ती हळद अंगाला लागली की लग्नाच्या आंघोळीपर्यंत तीन दिवस धुवायची नाही. हळद वाटून, वाटी ओट्यावर ठेवून सुमिंत्रा तेल आणायला गेली. परत आली तर अश्निताची आई, शोभना भाभी, वाटीत बोट घालून काहीतरी ढवळत होती. शेजारी रिकामी डबी पडली होती.

"हे काय घातलंस?"

"नौसोरीहून नवऱ्या मुलाच्या आईने गोरं व्हायची क्रीम पाठवलीय. म्हणाली, फोटोत मुलीचा रंग जरा दबलेला वाटतो."

"किती घातलीस?"

"सगळी. तीन दिवस राहणार आहे, छान मुरेल."

"मुरायला ती लोणचं आहे का?" सुमिंत्राचा आवाज चढला. डबीवरचं नाव वेगळं होतं, पण वास तोच होता.

"हळू बोला, दीदी. ही ऑकलंडची आहे, भारी."

"माझी हाँगकाँगची होती. तीही भारीच होती."

भाभीने बोट पदराला पुसलं. पण वाटी तिने सोडली नाही. दोघींनी ती धरून ओढली आणि निम्मी हळद ओट्यावर सांडली. उरलेली हिसकावून सुमिंत्रा मांडवात गेली. ढोलक वाजत होता, पाच सवाष्णी तयार बसल्या होत्या. पाटावर अश्निता हसत होती.

सुमिंत्राने वाटी गवतावर पालथी केली. ढोलक थांबला.

"बेटी, माझ्या गालाला हात लाव."

"फुआ, काय झालं?"

"लाव म्हणते ना!"

अश्निताने बोटं टेकवली. कातडी खडबडीत होती.

"हे उन्हाने झालेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासूने पहिली डबी दिली. वर्षभर गोरी दिसले, सगळ्यांनी वाहवा केली. सोडली की आधीपेक्षा काळी पडायचे, म्हणून आणखी लावायचे. असं एकवीस वर्षं चाललं. दवाखान्यात नर्सने सांगितलं, डाग त्या क्रीमनेच पडलेत, तेव्हा कळलं. तुम्हाला मात्र ऊन म्हणून सांगितलं. लाज वाटली मला. मी गप्प बसले, म्हणून आज ते तुझ्या वाटीत आलं!"

"दीदी, नौसोरीला काय सांगू मी?" भाभी मागून रडकुंडीला येऊन म्हणाली.

अश्निता पाटावरून उठली नाही. "आई, सांग की मी आहे त्याच रंगात येईन. चालत नसेल तर वरातीची जहाजाची तिकिटं परत करा म्हणावं."

कुणी हसलं नाही. भाभी फोन घेऊन आत गेली.

सुमिंत्रा चुलीपाशी बसून पुन्हा हळद वाटू लागली. वरवंटा पाट्यावर आदळत होता. शेजारची बिमला आडोशाने जवळ आली.

"दीदी, माझ्याकडे पण एक डबी आहे. बघशील?"

"कधीपासून लावतेस?"

"चार वर्षं. मुलगी पण लावते."

"तिचं वय?"

"तेरा."

सुमिंत्राने वरवंटा ठेवला. "जा, आत्ताच्या आत्ता ती डबी घेऊन ये. मुलीलाही आण."