आमच्या साडूंची जवसाची डबी

तेलावरून माणसाची पारख करणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. घाटनांदूरला त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की आधी घरात कोणतं तेल खाता याची चौकशी, मग मोटारीची. करडईचं म्हटलं तर चहा मिळतो, डालडा म्हटलं तर मोटार दोन दिवस उशिरा मिळते. शर्टाच्या खिशात स्टीलची डबी आणि डबीत जवसाची चटणी. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या तळहातावर ती ठेवतात आणि तो गिळेपर्यंत त्याच्याकडं बघत बसतात. लग्नात ते नवरदेवाच्या आधी आचाऱ्याला भेटतात. नेकनूरच्या एका लग्नात त्यांनी कढईत डोकावून, हे तेल कितव्यांदा तापतंय, असं विचारलं आणि ते बदलायला लावलं. भजी उशिरा आली, आणि बोलणी मात्र मला खावी लागली, कारण त्यांना घेऊन आलो होतो मी.

माणूस पहिल्यापासून असा नव्हता. तिशीच्या आत त्यांना साखर निघाली होती. तिची फिकीर न करता त्यांनी पुढची कित्येक वर्षं जिलेबी हाणली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा मला सोबत घेऊन ते गुपचूप बीडला डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, साखरेनं शुक्राणू कमी झालेत आणि मंदावलेत. साखर ताब्यात आणा, तळकट सोडा, जवसा-अक्रोडातली चरबी चांगली, ती खा. हमी देत नाही, पण बघू. बाहेर आल्यावर साडू एवढंच म्हणाले, "कुनाला बोलू नका, साडूभाऊ." मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि माझ्या घरात हे किती अवघड आहे ते माझं मलाच ठाऊक.

चटणी साखरेसाठी आहे, असं त्यांनी गावभर सांगितलं. इकडं मेव्हणीचे उपास चालू, अंगारे चालू, आणि साडूंच्या आत्याबाई तर दुसरं लग्न कर म्हणून उघड बोलायला लागल्या. साडू खाली मान घालून चटणी खायचे. या गप्प बसण्याचा मला लई राग यायचा, खोटं कशाला सांगू.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या भावजयीचं डोहाळजेवण होतं. साडू अर्थातच कढईपाशी. मेव्हणी ओटी भरायला पुढं झाली, तर आत्याबाईंनी तिच्या हातातलं तबक काढून घेतलं, तू ऱ्हाऊ दे म्हणाल्या. साडूंनी ते पाहिलं. झाऱ्यातून तेल गळतंय याचंही भान न ठेवता ते तसेच बायकांच्या घोळक्यात शिरले.

"आत्या, तिच्यात काईच कमी न्हाई. दोष माझ्यात हाय, रिपोर्ट हाय माझ्याकडं. तबक तिला द्या."

आत्याबाईंनी तबक परत दिलं. मेव्हणीनं ओटी भरली. साडू मात्र कढईकडं परतले आणि भजी करपली म्हणून आचाऱ्यावर चिडले.

गाव हसेल असं मला वाटलं होतं. थोडं हसलंही. पण महिन्याभरात तीन जण चांगल्या चालत्या मोटारी घेऊन दुकानात आले, इकडंतिकडं बघत जवसाबद्दल विचारून गेले. साडूंनी तिघांनाही डबी भरून दिली आणि बीडच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

परवा मेव्हणी आमच्याकडं आली, तेव्हा मी न राहवून विचारलं, एवढी वर्षं लपवलं म्हणून राग नाही आला? ती जवस निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला पयल्यापासून म्हाईत होतं, दाजी. रिपोर्ट त्यांनी जवसाच्या डब्यात ठिवला होता. घरात चटणी कोन करतं?"

मग उपास कशाला, असं मी विचारलं नाही. पाळणा अजून हललेला नाही. नवा रिपोर्ट जरा बरा आहे म्हणतात. साडूंना वाटतं, आपण त्या दिवशी बायकोला सगळं सांगून टाकलं. त्यांना तसंच वाटू द्यावं, असं मेव्हणीनं मला बजावलंय. पहिलं गुपित मांडवात फुटलं, आता मला या घरातलं हे दुसरं सांभाळायचं आहे, आणि पहिल्यापेक्षा ते मला जड जातंय.