पाच सेलची बॅटरी

परवा इंदापुरात एका दुकानात एलईडीच्या बॅटऱ्या बघत होते. दुकानदाराने एक जाडजूड काळी बॅटरी हातात दिली आणि सुरू झाला, "ताई, अर्धा किलोमीटर फोकस जातो. चार्जिंगची आहे. पाण्यात पडली तरी काही होत नाही." मी म्हटलं, "ते अर्ध्या किलोमीटरचं राहू द्या. पायाखालचं दाखवा." तो हसला. हसणारच. या मागणीवर पुरुषमाणूस हसतो हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तेव्हा आम्ही वडगाव निंबाळकरच्या शिवारात, मळ्यात राहायचो. नव्वद सालानंतरची गोष्ट. गवार, वांगी, कोथिंबीर काढायची आणि बारामतीच्या बाजारात न्यायची. अशाच एका बाजाराच्या दिवशी माल विकून झाल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅटरी घ्यायचं काढलं. आई आणि मी रिकाम्या पाट्या घेऊन त्यांच्या मागे.

पोरगी बघायला गेल्यासारखी त्यांनी बॅटरी बघितली. काच नखाने वाजवली. आतली चकचकीत वाटी डोळ्याजवळ धरून ओरखडा शोधला. मागच्या झाकणाचे आटे फिरवून बघितले, स्प्रिंग दाबली, बटण पुढेमागे सरकवलं. मग दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन लांबच्या भिंतीवर झोत टाकला. पाच सेलची, हातभर लांब, स्टीलची बॅटरी होती ती. भिंतीवर मधोमध ताटलीएवढा लख्ख गोल पडला. तात्या खूश झाले. "घरच्या दारातनं मारली तर पार वरच्या बांधापातूर जाईल," म्हणाले.

आईने कोपऱ्यातली दोन सेलची बारकी बॅटरी उचलली होती. तिने ती खाली धरून पेटवली. तिच्या पायाभोवती पिवळा, पसरट उजेड पडला. "अवं, ही बघा की. पायापुरती हाय. कमरंला खोचता ईल," ती हळूच म्हणाली.

"काजवा न्यायचा व्हय घरी?" तात्या म्हणाले. दुकानदार खो खो हसला. आणि आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मला सगळ्यात जास्त ते लागलं. तिला ती बॅटरी कशाला हवी होती हे तिथे चारचौघांत ती सांगणार तरी कशी?

मळ्यात संडास नव्हता. बाईने दिवसभर कळ काढायची आणि अंधार पडला की टमरेल घेऊन विहिरीच्या पलीकडे, बांधाआड जायचं. कंदील न्यायची सोय नव्हती. कंदील चारी बाजूंनी उजेड पाडतो, म्हणजे आपणच आपली दवंडी पिटल्यासारखं. बॅटरीचं कसं, चालताना लावावी, बसताना बंद करावी, कुणाची चाहूल लागली तर पदरात दडवावी. आईने सगळा विचार केला होता. पण तिच्या विचाराला विचारतो कोण!

मोठी बॅटरी घरी आली आणि खुंटीवर विराजमान झाली. तिची उस्तवार मात्र सगळी आईकडे. पावसाळ्यात सेल काढून कोरड्या डब्यात ठेवायचे. नरम पडलेले सेल पत्र्यावर उन्हात टाकायचे, तेवढीच अजून चार दिवस धुगधुगी. स्प्रिंगला हिरवट बुरशी धरली की पॉलिश पेपरने घासायची, आट्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचं. मागच्या झाकणात जादा बल्ब असायचा, तो कापसात गुंडाळलेलाही आईनेच. वाटीला हात लावायचा नाही, डाग पडला की उजेड मरतो, हे मला तिनेच शिकवलं. तात्यांनी त्या बॅटरीचं काय केलं असेल तर बटण दाबलं आणि शेजाऱ्यांच्या उसावर झोत मारून मिशीत हसले.

आणि आणखी एक केलं. ते घराबाहेर पडताना बॅटरीचं झाकण उघडायचे, एक सेल काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि झाकण परत लावायचे. का? तर बायकापोरांच्या हातात बॅटरी पडली की सेल उगीच उतरतात! राहिलेले चार सेल आत खुळखुळत बसायचे. कुलूप नाही, किल्ली नाही, आणि तरी बॅटरी बंदोबस्तात. गावात तात्यांच्या या अकलेचं कौतुक व्हायचं. मला आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइपलाइन टाकायचं ठरलं. आई आणि मी बाजाराला गेलो होतो त्या दिवशी गडी लावून तात्यांनी चारी खणून घेतली. कमरेएवढी खोल. ती नेमकी आईच्या वाटेवरून गेली. चारी आखताना दोरी धरली, उतार बघितला, वाटेत आलेलं लिंबाचं झाड वाचवलं. बायका अंधारात कुठून जातात हे कोण विचारणार?

आम्ही परत आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तात्या फाट्यावर गप्पा मारत बसले होते. आईने पाटी टेकवली आणि तशीच टमरेल घेऊन गेली. दिवसभर बाजारात बाईची काय गैरसोय होते ते बाईलाच ठाऊक. थोड्या वेळाने तिची किंकाळी ऐकू आली.

मी खुंटीवरची बॅटरी ओढली आणि बटण सरकवलं. काही नाही. हलवली तर खुळखुळ. ती तिथेच आपटली आणि कंदील घेऊन पळाले. आई चारीत पडली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, लुगडं वर गेलेलं. मी खाली उतरले, पण मला काही ती उचलेना.

आरडाओरडा ऐकून तात्या आले. आधी घरात गेले, खिशातला सेल बॅटरीत घातला आणि मग चारीकडे आले. आल्या आल्या झोत कुठे मारला असेल? पार लांब, शेजाऱ्यांच्या बांधावर! "कोन हाय रं तिकडं?" त्यांना वाटलं चोर आला. मी ओरडले, "तात्या, हितं! हितं खाली बघा!" मग तो लख्ख गोल आईच्या अंगावर आला. तिच्यासाठी ती बॅटरी पेटली ती पहिल्यांदा तेव्हा. मागून शेजारची गडीमाणसं धावत येत होती. आई एका हाताने लुगडं ओढत होती आणि दुसरा हात डोळ्यांवर धरून कळवळत म्हणत होती, "आदी ती इझवा. इझवा म्हनते न्हवं!"

बारामतीला नेऊन प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आई लंगडी झाली ती कायमची. तात्या आल्यागेल्याला सांगायचे, "गड्यांनी चारीवर फळी टाकायला पायजे हुती." सेलाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि घरात दुसऱ्या कुणाची काढायची छाती नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर एका संध्याकाळी तात्यांना विहिरीवरची मोटार चालू करायला जायचं होतं. बॅटरी खुंटीवरून काढली तर हाताला हलकी लागली. झाकण उघडलं, आत काहीच नाही. "सेल कुठं गेलं?"

आई चुलीपुढून उठली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "एक तुमच्या खिशात हाय. चार माझ्याकडं हायत. मला ती बारकी आणून द्या, चार घिऊन जावा."

अहाहा! माझी आई हे बोलली! मला वाटलं उठून तिला मिठी मारावी. तात्या कंदील घेऊन विहिरीवर गेले, ठेचकाळत. दुसऱ्या दिवशीही कंदील, तिसऱ्या दिवशीही. मी मनात म्हणत होते, आता आणतील. कुठवर ताणतील? पायाकडे बघून तरी आणतील.

बाजाराच्या दिवशी ते एकटेच बारामतीला गेले. संध्याकाळी आले तेव्हा हातात कागदाची पुडी होती. आईने ती बघितली आणि घाईने पदराला हात पुसले. ती घाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुडीत चार नवे सेल होते. तात्यांनी ते एकेक करून बॅटरीत सोडले, खिशातला पाचवा घातला, झाकण आवळलं आणि दारातून वरच्या बांधापर्यंत झोत टाकला.

आई त्या उजेडाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. "म्हंजी बारकी हुती त्याच दुकानात गेला हुता," एवढंच ती म्हणाली. मग टमरेल उचललं आणि भिंतीला हात लावत, पाय ओढत, घराच्या मागच्या बाजूने अंधारात गेली.