मडक्याचा शेक

"दाखव वं कोपर."

"पाय ना. इसब हाय, खरूज नाही. लागत असती तं माह्या सासूले लागली असती. मी तं बहुत कोशिश केली."

इंदुताई हसली नाही. आठ दिवसांवर तिच्या प्रेमिलाचं लग्न, कामठीचे पाहुणे येणार, आणि गोपिकाबाईच्या दोन्ही कोपरांच्या खळग्यांतून पाणी सुटलेलं.

"असं वाहून राहिलं तं मी तुले पोळ्यांवर बसवत नाही. कामठीवाले ताटावरून उठतीन."

"मंग कोणाले बसवतं? तुह्या नवऱ्याले?"

"आठ दिवसांनी पायतो," म्हणत इंदुताई उठली.

इंदोऱ्याच्या वस्तीत लांबपोळी म्हटलं की गोपिकाबाईच. सैल, तार सुटलेली कणीक हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. जिथं पोळी लांबते, नेमकी तीच जागा बारा वर्षांपासून खाजत होती. कडुलिंब झाला, करंजाचं तेल झालं, गंधकाच्या मलमानं तर कातडी सोलून निघाली. शेवटी धंतोलीतला डॉक्टर. हे जाणार नाही, सांभाळावं लागेल, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मलम पातळ लावा, आंघोळीनंतर खोबरेल चोळा, नखं कापा. त्यानं उतार पडे, अन् प्रत्येक लग्नानंतर पुन्हा फुटे.

कणकीनं होते, असं ती डॉक्टरला सांगे. एक गोष्ट मात्र पोटात ठेवी. पोळ्या आटोपल्या, मडकं जरा निवलं, की ती दोन्ही कोपरं त्याला टेकवायची. असं गोड वाटे की डोळे मिटत. पुढं पुढं तर लग्न नसलं तरी घरी मडकं तापायचं.

इंदुताई बोलून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं हे डॉक्टरला सांगून टाकलं. त्यानं पेन खाली ठेवला.

"बाई, मी मलम देतो आणि तुम्ही आग लावता. शेक बंद. खाज आली की ओलं फडकं दाबून धरा."

तिसऱ्या दिवशी जीव असा वळवळला की तिनं चूल पेटवून मडकं चढवलंच. मग कोपरं टेकवायच्या आधीच बादली उचलून नळावर गेली आणि मडकं थंड होईपर्यंत तिथंच बायकांशी भांडत बसली.

लग्नाच्या सकाळी इंदुताईनं तिची कोपरं उजेडात धरली. काळी होती, बाभळीच्या सालीसारखी जाड होती, पण कोरडी होती.

"बस," इंदुताई म्हणाली.

पोळ्या सुरू झाल्या, तशी कामठीची विहीण मांडवामागं डोकावली. "हे काय वं झालं हाताले?"

"इसब हाय. कोणाले लागत नाही." इंदुताईनं मडक्यावरच्या पोळीचा तुकडा तोडून स्वतःच्या तोंडात घातला. "तुम्हाले इथंच देऊ का पंगतीत खासान?"

विहिणीनं एक पोळी उचलून उजेडाकडं धरून पाहिली. "पंगतीत. पण अशीच पातळ पायजे."

ती गेली आणि गोपिकाबाईच्या डाव्या कोपरात मुंग्या उठल्या. मडकं हातभर अंतरावर रसरसून तापलेलं. तिनं ओलं फडकं कोपरात दाबून धरलं, दात आवळले, सोडले. हात धुतले आणि कणकीचा पुढचा गोळा उचलला.