चोविसावी चिप

राखी गावितला तिच्या सुरगाण्याकडच्या गावात सगळे ‘रक्ताच्या कारखान्यातली’ म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. खरं तर सातपूरच्या त्या छोट्या कंपनीत बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या चिप बनत. चिपच्या पोटात केसाएवढ्या बारीक वाटा. रक्ताचा एक थेंब सोडला की दहा मिनिटांत कळायचं, सिकलसेलचा दोष आहे की नाही.

राखीचं काम तपासणीचं. एका ट्रेमध्ये चोवीस चिप. त्यातली कुठलीही एक उचलायची, लाल पाणी सोडून बघायचं, सही ठोकायची. कुठलीही म्हणजे राखीच्या लेखी मधलीच. कोपऱ्यातल्या घट्ट बसलेल्या असत, उचलताना हातमोजा फाटे, मग पुन्हा हात धुवा, नवा चढवा. एवढा कंटाळा कोण करत नाही?

एकदा मधली खाली पडली म्हणून तिने कोपऱ्यातली घेतली. वाटांवर चिकटवलेली पातळ फिल्म कडेला चिकटलीच नव्हती. लाल पाणी आपली वाट सोडून शेजारच्या वाटेत शिरलं. म्हणजे दोष असलेल्यालाही ही चिप ‘नाही’ सांगणार! फिल्म चिकटवणाऱ्या मशिनची कड किती महिने नीट दाबत नव्हती, कोण जाणे.

तिने साहेबांना सांगितलं. उरलेला माल परत आला. वापरलेला कुठून येणार? आणि तिच्या मावसबहिणीची, हर्षालीची, तपासणी गावच्या शिबिरात याच चिपवर झाली होती. तिच्या नवऱ्याच्या, रोहितच्या, रक्तात दोष होता, हर्षालीच्या नाही, म्हणून तर त्यांचं लग्न ठरलं. दोघांत असला तर लेकराला आजार होऊ शकतो. हर्षालीला आता तिसरा महिना होता.

राखीची भूकच गेली. डोळे मिटले की ती लाल रेघ वाट सोडायची. भरदुपारी मशिनच्या घरघरीत एक लेकरू कण्हायचं. बाकीच्या बायकांना काहीच ऐकू येत नसे.

रविवारी ती एसटीने गावी गेली. हर्षालीने हौसेने देवांच्या फोटोमागून एक पुडी काढली.

“नर्सबाईकडून मागून घेतली. माझ्या ताईच्या कंपनीची हाय म्हटलं!”

आत तीच चिप, रक्त वाळून काळं पडलेलं. राखीने ती उलटी केली. ट्रेमधल्या जागेचा आकडा प्रत्येक चिपच्या पाठीवर असतो. चोवीस. शेवटचा कोपरा.

तिने पिशवीतून दुरुस्त मशिनवरची नवी चिप आणि सुई काढली.

हर्षाली हसली. “परत कशाला, ताई? ही तूच पास केलेली ना?”

“मीच,” राखी म्हणाली. “म्हणून तर आले. बोट दे.”