मिशीवाली

"तू आत जाऊन बस गो. गिऱ्हाईक गौरीचं तोंड बघायला येतं, तुझी मिशी बघायला नाय."

मूर्तींच्या कारखान्याची मालकीण दहा जणांसमोर बोलली. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. पेणला, रामवाडीत. गणपती तोंडावर आलेले. माझ्या हातात ब्रश, पुढ्यात गौरीचे मुखवटे. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आम्ही मिठागरावर राबणारी माणसं. वडखळच्या अलीकडे, खाडीकाठी घर. चौदाव्या वर्षी माझ्या ओठावर केस आले, मग हनुवटीवर. आई म्हणाली, "बेसन चोळ." चोळलं. हळद चोळली. वहिनीच्या मुलीलाही केस होते. तिच्यासाठी पार्लरवाली घरी यायची, दोरा फिरवून जायची. तिला कुणी मिशीवाली म्हटलं नाही.

कारखान्यात माझं पहिलं काम घासायचं. साच्यातून निघालेल्या मुखवट्याचे ओठ, गाल पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचे. दिवसभर तेच. एका दुपारी वाटलं, प्लास्टर गुळगुळीत होतं तर मी का नाही? मोरीत गेले आणि तोच कागद ओठावर घासला. कातडी सोलली. आठ दिवस जेवताना रडले. खपली पडली, काळा डाग राहिला. केस आले ते आलेच.

रोह्याच्या मावशीने मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, "हार्मोनचं आहे. पुष्कळ बायकांना असतं. गोळ्या आहेत, दोरा आहे, लेझर आहे. नाहीतर ठेव तसेच." 'ठेव तसेच' असं मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.

तर वहिनी तसं बोलली त्या दिवशी मी आत जाऊन बसले. बाहेर ठाण्याची एक बाई मुखवटा उचलून म्हणाली, "डोळे किती जिवंत! कुणी काढले?"

वहिनी म्हणाली, "आमच्या ह्यांनी."

तिच्या ह्यांना सरळ रेघ ओढता येत नाही. कारखान्यातल्या सगळ्या गौरींचे डोळे माझ्या हातचे. मिशीवाली म्हटलेलं गिळलं होतं. हे गिळवेना. ब्रश घेऊनच बाहेर गेले.

"डोळे मी काढलेत. तोंडावर केस हायत म्हणून मला आत बसवलीय."

बाई माझ्या ओठाकडे बघत राहिली. मग तिने मुखवटा खाली ठेवला आणि निघून गेली.

"उद्यापासून येव नको," वहिनी म्हणाली.

"नाय येत."

आता आमच्याच पडवीत मुखवटे रंगवते. येणारे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. काही तिथूनच परत फिरतात. मन दुखतं, खोटं का बोलू? कधी दोरा फिरवून घेते, कधी नाही. ती माझी मर्जी, कुणाच्या धंद्याच्या शोभेसाठी नाही. ज्याला माझ्या हातचे डोळे हवेत, त्याने माझ्या तोंडाकडे बघून मागावेत. नाहीतर चालू पडावं.