ऐंशी डिग्रीची हिरवी पट्टी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज झाडलं तरी कपाटाखाली कचरा निघतोच, तसे ते निघतात. मी चौथी पास. पिरंगुटला एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये काचेची भांडी धुवायला आणि ओव्हनवर नजर ठेवायला होते. जोडीला शेवंता. आमच्या वर सबनीस सर. सर तिथं करंट वाहणारं प्लॅस्टिक बनवायचे. पट्टी हिरवी असली की करंट जायचा, तापून निळी पडली की मेली! मालकांनी सरांना बजावलं होतं, “ऐंशी डिग्रीला आठ दिवस टिकवून दाखवा, नाही तर शेड बंद.” म्हणजे आम्ही तिघं घरी.

*

पहिल्या दिवशी सर कौतुकानं म्हणाले, “हिराबाई, हे प्लॅस्टिक तांब्याचं काम करणार!”

मी म्हटलं, “मग तांबंच का न्हाई घेत?”

सरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, “मालकांनीही हेच विचारलं. फक्त इंग्रजीत.”

*

ओव्हन उघडला की आंबूस वास नाकात जायचा. सर सांगायचे, पट्टीतलं ॲसिड उडतंय, ते उडालं की करंट संपला.

मी म्हटलं, “उडतंय तर झाकण लावा की!”

सरांनी पट्टी बुचाच्या बाटलीत घातली. दोन दिवस जास्त टिकली! वहीत नाव सरांचं. बाटली घासायला मी!

*

निळी पडलेली पट्टी ॲसिडात बुडवली की परत हिरवी व्हायची. शेवंतानं ते बघितलं आणि हातातलं काम टाकून उभीच राहिली.

“सर, आमचे घरचे मालक आणू का उद्या? एक डाव बुडवून बघा.”

“शेवंताबाई, फार तापलेली पट्टी नाही येत परत. कडक होते, तडकते.”

“मग ऱ्हाऊ द्या,” शेवंता म्हणाली, आणि खाली बसून भांडी घासायला लागली.

*

मे महिन्यात लाईट रोज जायची. ओव्हन गार पडला की आठ दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. सर नुसतेच भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी मीच वायरमनला गाठला.

“काय अडलंय बाई, पिठाची गिरण?”

“गिरण न्हाई. प्लॅस्टिक तापवत ठिवलंय.”

त्यानं वर सूर्याकडे बोट केलं. “मग हे काय कमी हाय?”

*

आणि मग एकदा लाईट टिकली, पट्ट्याही टिकल्या. आठही दिवस! सरांनी पेढे वाटले. उद्या मालक बघायला येणार म्हणून सरांनी नवा शर्ट काढला. मी पेढा पदराला बांधला. या वेळी पट्ट्या होत्या बाटलीबाहेर, खालच्या कप्प्यात. सांगावं तर शेड बंद, न सांगावं तर हा भला माणूस चारचौघांत तोंडावर पडणार. सांगून टाकलं.

“सर, खालच्या कप्प्यात आमी जेवणाचे डबे तापवतोय.”

“कधीपासून?”

“हे आठ दिस. रविवार सोडून.”

सरांनी वही उघडली. रविवारी करंट उतरलेला, सोमवारी पुन्हा चढलेला. मला वाटलं आता ओरडतील. ते हळूच म्हणाले, “वाफ. पट्टीला ओलावा मिळाला.” आणि खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालक आले. सरांनी काही लपवलं नाही. सांगितलं, कोरड्या उष्णतेत पट्टी मरते, ओलावा असला तर तग धरते.

“किती ओलावा?” मालकांनी विचारलं.

सर वही चाळायला लागले. मी पुढं झाले. “दोन डबे, साहेब. माझ्यात भाकरी-कालवण, शेवंताच्यात हुलग्याचं पातळ माडगं. झाकण अर्धं उघडं.”

मालकांनी ओव्हनचं दार उघडलं, वाकून खालचा कप्पा बघितला, वास घेतला, दार लावलं.

“सबनीस, परत आठ दिवस घ्या. डबे तेच. माडगंसुद्धा!”

मागून शेवंता म्हणाली, “मग रविवारी बी यायचं का?”