खंडूच्या खिशात काय होतं

खंडूने शर्यत विकली, अशी कुजबूज आखातातल्या सलमाबादच्या गॅरेजांत अजून चालते. कुजबुजणारे कोण, तर जिना चढला तरी धापा टाकणारे.

खंडू गुहागरकडचा, ग्रिल-गेटचा वेल्डर. जनाबियाच्या बंगल्यांतली कामं उरकून सायकलवर परतायचा तेव्हा गाड्यांशी अशी चुरस लावायचा, की ड्रायव्हर आरशात बघून हसत. दर हिवाळ्यात गोदामांमागच्या मैदानात फक्कीने गोल आखून कामगारांची लांब पल्ल्याची सायकल शर्यत व्हायची. चार देशांची माणसं, म्हणून ती ‘इंटरनॅशनल’. पंच मात्र चहावाला गनी. नियम एकच: जी सायकल घेऊन निघालात, तीच घेऊन शेवटची रेघ ओलांडायची.

खंडू दर वर्षी दुसरा. पहिला अस्करचा ट्रकवाला हमझा. गेल्या हिवाळ्यात खंडूचा व्हिसा संपत आला होता. जिंकायचं तर तेव्हाच, नाहीतर कधीच नाही. त्याला इथे आणणारे, त्याच्याच वाडीतले रावजीकाका काळजीने धड जेवतही नव्हते.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या आणि खंडू पुढे, हमझा चांगलाच मागे. एक फेरी संपवून रेघेवरून जाताच खंडूचं मागचं चाक बसलं. तो उतरला, वाकला, टायरमधून काहीतरी उपसलं, बघितलं आणि खिशात टाकलं. लोकांना तेवढंच पुरलं. हमझाच्या माणसांनी पाकीट टाकलं म्हणे! मोबाईलवर व्हिडिओही फिरला.

आता पाकीट मिळालेला माणूस सायकल खांद्यावर घेऊन पळेल का? खंडू पळाला, उरलेल्या सगळ्या फेऱ्या. बघे केव्हाच बिर्याणीकडे वळले होते. जिंकलेला हमझा तेवढा रेघेपाशी थांबून ‘यल्ला, चल खंडूभाई’ करत होता.

संध्याकाळपर्यंत रावजीकाका त्याच्याशी बोलेनात. शेवटी म्हणाले, “खंड्या, वाडीत कुठल्या तोंडाने जाऊ मी? काय टाकलंस खिशात?”

“टायर बसला, काका. खलास.”

“मग दाखव खिसा.”

“नाही दाखवत.”

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. खंडू गावी निघाला तेव्हा त्याला सोडायला विमानतळावरही गेले नाहीत.

खिशात करवंटीचा टोकदार तुकडा होता. शर्यतीच्या सकाळी रावजीकाकांनी खंडूच्या यशासाठी गाऱ्हाणं घालून त्या रेघेवर नारळ फोडला होता, आणि तुकडे नीट वेचले नव्हते.